मिरवणूक आणि मिरवणं : आपलं काम आपण सांगण्याविषयी
(कराड येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



विषय तसा साधा आहे. आपण आपल्या पेशात काही चांगलं केलं, तर ते आपल्या तोंडानं, न लाजता सांगता यावं का? त्याचा आनंद उघडपणे मानता यावा का? व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात याचं उत्तर दोन मिनिटांत मिळतं. आरशासमोर उभे राहा आणि रोज सकाळी स्वतःला शाबासकी द्या. मी ते करणार नाही. मी वाङ्मयाचा माणूस आहे, त्यामुळे विषय वाङ्मयाच्या बाजूनं घेणार. आपल्याकडे माणसांनी स्वतःच्या कामाविषयी कसं सांगितलं, काय गाळलं, आणि आपण वाचक त्यांना काय सांगू देतो, हे बघायचं आहे. उदाहरणं बरीचशी आपल्याच मुलखातली आहेत.

सुरुवात शब्दांपासून करू. स्वतःच्या यशाविषयी बोलण्यासाठी मराठीत कोणते शब्द आहेत? टिमकी वाजवणं, शेखी मिरवणं, बढाई मारणं, फुशारकी, बडेजाव, आत्मप्रौढी, आपलीच पाठ आपण थोपटून घेणं. एवढे शब्द आहेत, आणि एकही चांगल्या अर्थाचा नाही. ‘मी माझं काम नीट सांगितलं’ याला वेगळा शब्दच सापडत नाही. आता गंमत बघा. ‘मिरवणं’ हा दोष आहे, पण त्याच धातूपासून आलेली ‘मिरवणूक’ हा मान आहे. फरक कुठं पडला? मिरवणूक दुसरे काढतात. म्हणजे आपल्या समाजाला अभिमानाचं वावडं नाही. तो आपल्याला कुणी दुसऱ्यानं आणून द्यावा लागतो, एवढंच.

याचं मूळ काहीजण संतांच्या शिकवणीत शोधतात. चाफळ काही इथून लांब नाही, तेव्हा समर्थांचंच घेऊ. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिलाच समास मूर्खलक्षणांचा आहे. आपली आपण स्तुती करणारा तिथं मूर्खांच्या यादीत आहे, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. पण त्याच ओवीत, जवळजवळ एका श्वासात, आणखी एक मूर्ख सांगितला आहे. वडिलांची कीर्ती सांगत फिरणारा! तो आपण सोयीनं विसरलो. आमचे आजोबा असे होते, आमचं घराणं तसं होतं, आमच्या गावचे अमुक एवढे मोठे होते, हे सांगताना आपल्याला कधी संकोच वाटतो का? मुळीच नाही. मग मूळ अडचण नम्रतेची नसावी. जे आपण केलं नाही त्याचा अभिमान आपण मोकळेपणानं मिरवतो, आणि जे स्वतः केलं तिथं मान खाली घालतो. ही उलटी रीत आहे, आणि तिची किंमत मोजावी लागते. कोण मोजतं, ते बघू.

मिरवणुकीचं नाव काढलं की कराडात एकच मिरवणूक आठवते. 1952 ची, खाशाबा जाधवांची. गोळेश्वरचा हा मल्ल टिळक हायस्कूलचा विद्यार्थी, पुढं कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा. 1948 ला लंडनच्या ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला, वजनाचा गट बदलून बँटमवेटमध्ये उतरला आणि ब्राँझपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं मिळायला 1996 साल उजाडलं, अटलांटात लिअँडर पेसला. मधे 44 वर्षं गेली. पदक घेऊन खाशाबा परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्या जुंपून त्यांची मिरवणूक निघाली आणि काही मिनिटांच्या वाटेला कित्येक तास लागले, ही गोष्ट इथं बहुतेकांनी घरात ऐकली असेल.

आता या गोष्टीकडे समीक्षक म्हणून बघू या. आपण ती कशी सांगतो? प्राचार्य खर्डेकरांनी प्रवासखर्चासाठी घर गहाण टाकलं, हे सांगतो. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांच्या मैदानाच्या पैशातून ते ऋण फेडलं, हे सांगतो. बैलगाड्या सांगतो. मग सरकारनं केलेली उपेक्षा, 1955 मध्ये मिळालेली फौजदाराची नोकरी, 1984 मधला अपघाती मृत्यू आणि मरणोत्तर अर्जुन पुरस्कार सांगतो. सगळं खरं आहे आणि सांगितलंच पाहिजे. पण या कथेत कुस्ती कुठं आहे? तांबड्या मातीत घडलेल्या पैलवानाला मॅटवर पाय ठेवताना काय बदलावं लागलं? लंडनच्या सहाव्या क्रमांकापासून हेलसिंकीच्या तिसऱ्या क्रमांकापर्यंत चार वर्षांत त्यानं काय शिकून घेतलं? ढाक हा त्यांचा हुकमी डाव. तो कॅनडा, मेक्सिको, जर्मनीच्या मल्लांशी लढताना कसा उपयोगी पडला असेल? या प्रश्नांपाशी आपली गोष्ट थांबतच नाही. पदक हे कर्तृत्व होतं. आपण त्याची अर्धी गोष्ट मिरवणुकीची केली आणि उरलेली अर्धी गाऱ्हाण्याची. मधला माणूस, जो विचार करून डाव टाकत होता, तो गळाला.

आणि हे फक्त खाशाबांचं नाही. जो स्वतःचं काम स्वतःच्या शब्दांत सांगत नाही किंवा ज्याला सांगू दिलं जात नाही, त्याची गोष्ट दुसरे आपापल्या गरजेप्रमाणे सांगतात. गावाला अभिमान हवा असतो म्हणून गाव मिरवणूक सांगतं. वर्तमानपत्राला अन्याय हवा असतो म्हणून ते उपेक्षा सांगतं. कारागिरी मात्र कुणालाच नको असते. ती सांगायची तर ज्यानं केली त्यानंच सांगावी लागते.

त्याच टिळक हायस्कूलचा आणखी एक विद्यार्थी घेऊ. यशवंतराव चव्हाण. योगायोग असा की ते आणि खाशाबा दोघंही 1984 सालीच गेले. खाशाबा ऑगस्टमध्ये, यशवंतराव नोव्हेंबरमध्ये. त्याच वर्षी यशवंतरावांचं ‘कृष्णाकाठ’ प्रसिद्ध झालं होतं.

‘कृष्णाकाठ’मधला एक प्रसंग आजच्या विषयासाठीच लिहिलाय की काय असं वाटतं. शाळेत शिक्षकांनी मुलांना विचारलं, मोठेपणी कोण होणार ते लिहा. मुलांनी थोरामोठ्यांची नावं लिहिली. या मुलानं स्वतःचंच नाव लिहिलं. मी यशवंतराव चव्हाण होणार, असा त्याचा आशय. शिक्षकांना तो अहंकार वाटला. वर्गात जी मुलं दुसऱ्याचं नाव लिहून मोकळी झाली ती विनयशील ठरली, आणि ज्यानं स्वतःच्या नावाची जबाबदारी घेतली तो अहंकारी ठरला. मला तर त्या चिठ्ठीत सगळ्या वर्गातली सर्वांत नम्र इच्छा दिसते. फुकटचं मोठेपण उसनं न घेणारी.

देवराष्ट्र्यात जन्मलेल्या, वडील लहानपणीच गेलेल्या, आईच्या आणि भावांच्या कष्टांवर शिकलेल्या मुलाची ही गोष्ट आहे. पुण्याच्या वक्तृत्व स्पर्धेत मिळालेलं बक्षीस, 1932 मधला झेंडा आणि तुरुंगवास, सगळं तिथं मोकळेपणानं येतं. लेखक आनंद लपवत नाही. पुस्तक चांगलं आहे ते यामुळेच. पण ते कुठं थांबतं? 1946 ला. म्हणजे हा माणूस निवडून येऊन पार्लमेंटरी सेक्रेटरी होतो, खऱ्या अर्थानं त्याचं कामकाज सुरू होतं, आणि पुस्तक संपतं! 1956 चं द्वैभाषिक, 1960 चं महाराष्ट्र राज्य, 1962 मध्ये आलेल्या जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या, त्याच वर्षाअखेर चीनच्या युद्धात दिल्लीला जाऊन घेतलेलं संरक्षण खातं, यातलं काही त्यात नाही. पुढचे खंड लिहायचं मनात होतं, आयुष्य पुरलं नाही. ते लाजेमुळे राहिलं असं मी म्हणणार नाही, तो अन्याय होईल. ‘सह्याद्रीचे वारे’सारखे भाषणांचे संग्रह आहेत, पण भाषण म्हणजे हिशेब नव्हे. भाषणात राज्यकर्ता लोकांना सांगतो की काय करायचं आहे. मी काय केलं, का केलं, कुठं नेम बरोबर लागला, हे सांगायला वेगळी बैठक लागते.

मला यातून एक जनरल नियम दिसतो, आणि तो बऱ्याच मराठी आत्मचरित्रांना लागू पडतो. बालपणीचं यश सांगताना आपल्याला संकोच होत नाही, कारण ते पोर आपल्यापासून आता लांब गेलेलं असतं. चौथीतली स्कॉलरशिप आपण साठाव्या वर्षीही हौसेनं सांगू. पण चाळिसाव्या वर्षी डोकं लावून सोडवलेला अवघड प्रश्न सांगायचा म्हटलं की जीभ अडखळते. त्यात आपण स्मरणाचं काम निवृत्तीवर टाकलेलं असतं. कामाचा हिशेब वर्षाच्या वर्षाला मांडायचा असतो हे दुकानदाराला कळतं, आपल्याला कळत नाही.

यशवंतरावांच्याच लेखसंग्रहाचं नाव ‘ऋणानुबंध’ आहे. सुंदर नाव आहे. आपल्याकडे आठवणी सांगायच्या तर ऋणाच्या वहीतून सांगायच्या, ही रीत त्यात दिसते. ऋण मानू नये असं कुणी म्हणणार नाही. पण खतावणीला दोन बाजू असतात. जमेची बाजू कोरी ठेवली तर वही प्रामाणिक ठरत नाही, अपुरी ठरते.

आता बायकांच्या लेखनाकडे वळू, कारण ही रीत सर्वांत कडक तिथं पाळली गेली. रमाबाई रानड्यांचं पुस्तक 1910 चं. नाव काय? ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. आमच्या, आणि काही. पुस्तक न्यायमूर्तींच्या निधनापाशी, 1901 ला थांबतं. पण रमाबाई तेव्हा थांबल्या होत्या का? पुस्तक आलं त्याच्या आदल्याच वर्षी पुण्यात सेवासदनाचं काम सुरू झालं होतं आणि त्या त्याच्या प्रमुख होत्या. स्वतःच्या हिमतीवर संस्था उभी करणारी बाई स्वतःच्या पुस्तकात पतीची सावली म्हणून वावरते. बाया कर्व्यांनी, म्हणजे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी, आत्मचरित्राला नाव दिलं ‘माझे पुराण’. पुराण म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे. ‘बास झालं तुझं पुराण’ असं आपण म्हणतो तेच. विधवा म्हणून पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेली, 1893 मध्ये पुनर्विवाह करून समाजाचा बहिष्कार सोसलेली ही बाई आपल्या कहाणीची थट्टा आधी स्वतःच करून टाकते, म्हणजे दुसऱ्यानं करायला नको. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ नवऱ्याच्या चरित्राच्या निमित्तानं सुरू झाली, आणि वाचताना आपण रंगतो ते मात्र लक्ष्मीबाईंमध्ये. स्वतःविषयी लिहायला परवाना लागायचा, आणि तो पतीच्या नावानं मिळायचा.

यात वाचकांचा, म्हणजे तुमचा माझा, दोष आहे. आत्मचरित्रात दुःख सांगितलं की आपण म्हणतो, किती प्रामाणिक! यश सांगितलं की म्हणतो, जरा जास्तच मी-मी करतो. दुःखाला पुरावा मागत नाही, यशाला मागतो. फलटणच्या बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ घ्या. त्यातला ‘आमुचं’ मला फार मोलाचा वाटतो. एका अख्ख्या समाजाचं जगणं त्या एका शब्दात उभं राहतं. पण ज्या बाईनं पुढं वंचित मुलांसाठी आश्रमशाळा चालवली, तिला आपण अजून बहुतेक सोसलेलं सांगणारी म्हणूनच ओळखतो. घडवणारी म्हणून किती जण ओळखतात?

इथं सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येतो. ‘आपण कशाला सांगायचं, काम बोलेल’ हा सल्ला सगळ्यांना सारखा पडत नाही. ज्याच्या मागं गाव आहे, भावकी आहे, संस्था आहे, त्याला गप्प राहणं परवडतं. त्याचं काम दुसरे सांगतात. ज्याच्या मागं बैलगाड्या जुंपणारं कुणी नाही, तो गप्प राहिला तर ते काम कुणी केलं हेच पुसलं जातं, किंवा दुसऱ्याच्या नावावर लागतं. वॉर्डात वीस वर्षं काढलेली परिचारिका, आईबापांबरोबर ऊसतोडीला जाऊ पाहणारी पोरं वर्गात टिकवून ठेवणारी शिक्षिका, कारखान्यात बंद पडलेलं यंत्र रात्रीत चालू करणारा फिटर. यांना आपण विनय शिकवतो. विनय हा मोठ्या माणसाचा दागिना आहे, पण लहान माणसाच्या अंगावर आपण तो बेडीसारखा चढवतो. 1964 मध्ये केशियस क्ले नावाचा काळा अमेरिकन मुष्टियोद्धा, पुढचा मोहम्मद अली, सगळ्या जगाला ओरडून सांगत होता की मीच थोर. तेव्हा गोऱ्या वर्तमानपत्रांना त्याचं तोंड खुपलं. ज्यांना कुणी थोर म्हणणार नव्हतं, त्यांना मात्र त्या ओरडण्याचा अर्थ कळला.

इथं एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. तुम्ही म्हणाल, कसली लाज घेऊन बसलात? दत्त चौकात जाऊन बघा. प्रत्येक खांबावर फ्लेक्स. वाढदिवसाच्या शुभेच्छा, भावी अमुक, भावी तमुक. सोशल मीडियावर तर रोज कुणीतरी ‘सांगताना अत्यंत आनंद होतो की’. खरं आहे. पण तो फ्लेक्स एकदा नीट वाचा. त्यावर चेहरा असतो, नाव असतं, खाली शुभेच्छुकांची रांग असते. काम असतं का? ‘भावी’ म्हणजे न केलेल्या कामाचं अभिनंदन! फ्लेक्स ही मिरवणूकच आहे, फक्त पैसे भरून काढलेली. शुभेच्छुक दुसरे दाखवायचे हा संकेत तिथंही मोडत नाहीत. एका बाजूला काम करून तोंड न उघडणारे, दुसऱ्या बाजूला काम न करता चौक अडवणारे. पहिले गप्प बसतात म्हणून दुसऱ्यांना जागा मिळते.

मग कसं सांगावं? नमुना आपल्या भागातच आहे. कराडहून रेल्वेनं सांगलीकडे निघालं की वाटेत किर्लोस्करवाडी लागते. 1910 मध्ये माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला. त्यांचे लोखंडी नांगर सुरुवातीला कुणी घेईना. लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्याची समजूत होती, आणि पहिले नांगर खपायला दोनेक वर्षं गेली असं सांगतात. नांगर चांगला होता, पण काम आपोआप बोललं नाही! पुढं 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. कारखान्यात काय तयार होतं हे गिऱ्हाइकाला सांगण्यासाठी काढलेलं पत्रक. त्याचंच पुढं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, आणि मग ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आली. विचार करा, मराठीतल्या एका मोठ्या मासिक परंपरेचं मूळ ‘आम्ही काय बनवतो ते ऐका’ या न लाजता केलेल्या सांगण्यात आहे. शंकररावांनी लक्ष्मणरावांचं चरित्र लिहिलं त्याचं नाव ‘यांत्रिकाची यात्रा’. महापुरुषाची नव्हे, यांत्रिकाची. माणूस त्याच्या कामानं ओळखलेला. ते धंद्याचं सांगणं होतं, त्यात विक्रीचा हेतू होता, हे मान्यच आहे. नांगराचा साचा ओतणाऱ्या प्रत्येकाचं नाव तिथं आलं असेल असंही नाही. पण सांगण्याची रीत घेण्यासारखी आहे. वस्तू समोर ठेवायची, ती कशी केली ते सांगायचं, उपयोग काय ते सांगायचं, आणि पारख ऐकणाऱ्यावर सोडायची.

बढाई आणि हिशेब यांत फरक तो हाच. बढाईत विशेषणं असतात, हिशेबात नामं आणि आकडे असतात. ‘मी फार तळमळीची शिक्षिका आहे’ ही बढाई. ‘माझ्या वर्गातली अकरा मुलं हंगामात गावी राहिली, त्यासाठी मी हे हे केलं’ हा हिशेब. दुसऱ्याचा वाटा हिशेबात नावानिशी येतो, ‘सर्वांच्या आशीर्वादानं’ असा घाऊक येत नाही. आणि आपला वाटाही येतो. तो खारीचा होता तर खारीचा सांगा, पण हत्तीचा होता तर उगाच खारीचा म्हणू नका. तेही खोटंच. सरकारी नोकरीत गोपनीय अहवालासाठी स्वयंमूल्यनिर्धारणाचा रकाना असतो. निम्मे लोक त्यात ‘नेमून दिलेली कामे वेळेत पूर्ण केली’ एवढंच लिहितात आणि मग बढतीच्या वेळी वर्षभर हळहळतात. त्या रकान्यात नीट चार ओळी लिहिणं, हीसुद्धा गद्यलेखनाची एक परीक्षा आहे.

सत्काराच्या भाषणातही हेच. शाल-श्रीफळ घेऊन सत्कारमूर्ती उभे राहतात आणि म्हणतात, मी निमित्तमात्र, माझ्या हातून घडलं. घडलं कसं? केलंत तुम्ही! आणि आपलं व्याकरण बघा, ते आपल्याला किती सोय करून देतं. ‘मी पूल बांधला’, ‘मी शाळा बांधली’, ‘मी धरण बांधलं’. या प्रत्येक वाक्यात ‘मी’ आहे, पण क्रियापद चालतं ते पुलाच्या, शाळेच्या, धरणाच्या लिंगवचनाप्रमाणे. कर्मणी प्रयोग. कर्ता हजर आहे, पण वाक्याची सूत्रं कामाच्या हातात आहेत. एवढं सभ्य वाक्य भाषेनं हाती दिलेलं असताना ‘घडलं’च्या आड लपायची गरज काय?

जाता जाता एक विनंती करतो. आपल्या गावात आत्मचरित्रं लिहिणारी माणसं थोडी असतात, पण काम केलेली पुष्कळ असतात. पुढच्या वेळी कुणा निवृत्त होणाऱ्याचा सत्कार कराल, तेव्हा त्यांच्या स्वभावाविषयी बोलणारे वक्ते दोन कमी करा. ती पंधरा मिनिटं त्यांना स्वतःला द्या आणि प्रश्न एकच विचारा : तुमच्या कामातली सर्वांत अवघड गोष्ट कोणती होती, आणि ती तुम्ही कशी केलीत? ते म्हणतील, छे हो, विशेष काही नाही. ते ऐकून घ्या आणि पुन्हा विचारा. आणि उत्तर देताना त्यांचा चेहरा खुलला, आवाज थोडा चढला, तर त्याला अहंकार म्हणू नका. कोपऱ्यात बसलेला एखादा नवा मुलगा, नवी मुलगी तेव्हा काहीतरी लिहून घेत असेल. कराडच्या एका वर्गात एका मुलानं चिठ्ठीवर स्वतःचंच नाव लिहिलं होतं. तसं लिहिणाऱ्यांना आता तरी आपण रागावू नये.